ढेलज म्हणजे नक्की काय? उंबरा की खोली?

माळवदकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

तुळजापूर तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. वाडा म्हणायचं इतकंच. मागची बाजू बसलीय, माळवद दोन ठिकाणी गळतं. पण दरवाजा आणि त्याच्या लगतची आतली जागा अजून भक्कम आहे. आत पाऊल टाकलं की दोन्ही अंगांना कमरेइतके उंच कट्टे, मधून चौकाकडे जायची वाट, वर लाकडी छत. याला घरातले सगळे ‘ढाळज’ म्हणतात. आजोबांचा अर्धा जन्म तिथंच गेला. पेपर, पान, हिशोब, गावातली भांडणं, सगळं ढाळजेत. अनोळखी माणूस तिथूनच परत जायचा, ओळखीचा चौकापर्यंत यायचा आणि जावई सरळ माजघरात.

आता वाटणीचा विषय निघालाय. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचं १९५४ सालचं वाटणीपत्र आहे. त्यात ‘ढाळज’ नाही, ‘ढेलज’ लिहिलंय आणि ती सामाईक ठेवलीय. ढाळजेला लागून चुलतभावाचा हिस्सा. त्याला तिथं शटर बसवून दुकान काढायचंय. त्याचं म्हणणं असं: ढेलज म्हणजे दहलीज, दहलीज म्हणजे उंबरा, मोबाइलवर बघ. म्हणजे सामाईक फक्त उंबरा, आतली जागा त्याची.

मोबाइलवर पाहिलं. उंबराच दाखवतोय. आता काय बोलू?

सोलापुरी_चटणी
सामाईक उंबरा? मग एक दिवसाआड ओलांडायचा का?

केतकी_व
रुमाल टाकून ठेवते. आमच्या अक्कलकोटच्या घरीही ढाळज होती, पण हा शब्द पुण्यात कुणाला सांगितला की लोक ‘ढाळ’ ऐकतात आणि ‘ढाळे लागलेत का’ विचारतात.

शब्दखोर
माळवदकर, तुमचे बंधू अर्धे बरोबर आहेत आणि तेवढ्यानंच घोटाळा झालाय.

शब्द फारसीतला दहलीज किंवा दिहलीज, हे खरं. पण फारसीत त्याचा अर्थ उंबरा नाही. बाहेरचा दरवाजा आणि घराचा आतला भाग यांच्यामधली जागा, ती दहलीज. बोळ म्हणा, प्रवेशाची खोली म्हणा. अरबांनीही हा शब्द फारसीतून उचलला आणि तिकडेही अर्थ तोच. उंबरा हा अर्थ चिकटला तो हिंदी-उर्दूत. मोबाइल तुम्हाला हिंदी सांगतोय. वाटणीपत्र मराठीत आहे.

आता दहलीजची ढेलज कशी झाली? मधला ‘ह’ आपल्या जिभेला अडचणीचा. तो मागच्या अक्षरावर जाऊन बसतो. महालचा म्हाल झाला, मोहराचा म्होरा झाला, मालवणी माणूस बाहेरला भायर म्हणतो, तसंच हे. द आणि ह एकत्र आले, पुढे जीभ टाळूकडे वळली आणि ढ झाला. ढेलजची ढाळज ही नंतरची गावठी घडण. कचेरीत ढेलज, घरात ढाळज.

वाकडी_मान
इतकं लांब जायची गरज नाही. ढाळ म्हणजे उतार. दरवाजातून पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला ढाळ देतात. म्हणून ढाळज. शुद्ध मराठी शब्द.

सोलापुरी_चटणी
@वाकडी_मान, मग मोरीला ढाळज का म्हणत नाहीत?

शब्दखोर
@वाकडी_मान, तो ‘ज’ कुठून आला मग? ‘ढाळ’ला लागणारा असा प्रत्यय मराठीत नाही. शिवाय ढेलज हे जुनं रूप ढाळवरून निघत नाही. उलटं झालं असावं. लोकांना परका शब्द कानाला ओळखीचा करून घ्यायचा होता, समोर ढाळ होता, त्याच्याशी जुळवला.

वाकडी_मान
मान्य नाही, पण थांबतो.

अण्णा_वऱ्हाडी
आमच्या इकडे त्या जागेला छपरी म्हणतात. आजोबा छपरीत बसायचे, पाहुणा आला का छपरीत खाट. परवा मुलाला फोनवर सांगितलं, “तुझे पणजोबा दिवसभर छपरीतच असत.” पोरगं हसून हसून लोळलं. आता त्या शब्दाचं जे झालंय ते पाहून वाईट वाटते. भल्या घराची पुढची जागा होती ती, आता शिवी झाली.

केतकी_व
@अण्णा_वऱ्हाडी, “पणजोबा छपरीतच असत” 😂😂

किल्लेदार_हौशी
माझ्या मनात वेगळाच प्रश्न आलाय. ढाळजेचं जे वर्णन केलंय ती तर देवडी! गड चढणाऱ्या कुणालाही विचारा. रायगडाच्या महादरवाजातून आत गेलात की पहारेकऱ्यांच्या देवड्या दिसतात. उन्हातून चढून आल्यावर तिथला दगड इतका गार लागतो की पुढचा अर्धा गड तिथं बसूनच बघावासा वाटतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही तीच रचना: वर नगारखाना, आत देवड्या. मग देवडी आणि ढेलज एकच का? की देवडी पहाऱ्याची आणि ढेलज बसाउठायची?

शब्दखोर
@किल्लेदार_हौशी, याचीच वाट बघत होतो.

वापर तुम्ही म्हणता तसाच. देवडीला पहाऱ्याचा वास आहे, ढेलजेला पानतंबाखूचा. पण गंमत शब्दांच्या प्रवासात आहे. देवडी येते संस्कृत देहली या शब्दावरून, हिंदीतल्या ड्योढीची ती बहीण. आणि देहली म्हणजे काय? उंबरा! अमरकोशात ‘गृहावग्रहणी देहली’ असं सरळ दिलंय. संस्कृतात देहलीदीपन्याय आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही, तसा वाक्यातला एखादा शब्द मागच्याला आणि पुढच्याला दोघांनाही लागू पडतो.

म्हणजे बघा:
देहली मुळात उंबरा, तिची झाली देवडी, म्हणजे खोली.
दहलीज मुळात खोली, तिचा हिंदीत झाला उंबरा.

दोघींनी जागा बदलल्या. आवाज इतके सारखे की हिंदीत एकीचा अर्थ दुसरीच्या अंगावर गेला असेल तर नवल नाही. मराठीत मात्र उंबऱ्याला आपला उंबरा होताच, त्यामुळे ढेलज आपल्या खोलीत सुखरूप राहिली.

किल्लेदार_हौशी
क्या बात है. पुढच्या ट्रेकला देवडीत बसून हे ऐकवणार.

बडोदेकर
गुजराती बाजू मांडतो. सौराष्ट्रात डेली म्हणतात. मोठ्या घराचा भरभक्कम दरवाजा आणि त्याला लागून बसायची जागा, दोन्ही मिळून डेली. गावची मंडळी जमणार ती डेलीत. त्यावरून वाक्प्रचार आहे, ‘डेलीए हाथ दईने पाछा आव्या’. दाराला नुसता हात लावून परत आले, म्हणजे हेलपाटा फुकट गेला. आमच्या शेजारचे काका सरकारी कचेरीतून आले की हेच म्हणतात.

निजामाबादी_नाही
हैदराबादेत राहून वीस वर्षं झाली, माझीही भर. इथं देवडी म्हणजे नुसती दरवाजाजवळची जागा नाही, सरदार-उमरावांचा अख्खा वाडा. जुन्या शहरात खुर्शीद जाह देवडी आहे, मोठमोठ्या खांबांची हवेलीच ती. म्हणजे शब्दखोर यांची गाडी आणखी एक स्टेशन पुढं न्या: उंबऱ्याची खोली झाली आणि खोलीची हवेली झाली.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे तिकडच्या जुन्या कागदांत फारसी शब्दांची रेलचेल. १९५४ ला लिहिणारा तलाठी किंवा कारकून त्याच तालमीतला असणार.

सोलापुरी_चटणी
भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. इथं उंबऱ्यानंच हातपाय पसरले.

मायमराठी_रक्षक
या सगळ्या चर्चेत एक मुद्दा राहतोय. परकीय शब्द टिकवायचा अट्टहास कशाला? ओसरी म्हणा, पडवी म्हणा. आपले शब्द असताना ढेलज हवीच कशाला?

शब्दखोर
@मायमराठी_रक्षक, ठीक आहे, साफसफाई करू. तुमच्या घरातून दरवाजा काढा, फारसी. पडदा काढा, फारसी. खुर्ची काढा, अरबी. कमान, तावदान, दिवाणखाना गेले. महिरप गेली. अंगणातला हौद उपसून टाका. मग उरलेल्या भोकातून ओसरीवर या, चहा घेऊ.

उंबरा ठेवा. उदुंबराचा वंशज आहे तो, संस्कृतात उदुंबर म्हणजे झाडही आणि उंबराही.

मायमराठी_रक्षक
उपहासानं मुद्दा संपत नाही.

केतकी_व
शिवाय ओसरी आणि ढाळज एक नव्हेत हो. आमच्याकडे दोन्ही होत्या. ढाळज दरवाजाच्या पोटात. तिथून चौकात उतरायचं आणि चौकाच्या कडेनं ओसरी. ढाळजेत पुरुष आणि परके, ओसरीवर बायका निवडण-टिपण करायला. आजी ढाळजेत कधी बसलेली मी पाहिली नाही. दुपारी सगळे झोपले की मात्र दाराआड उभी राहून रस्ता बघायची. आजोबांच्या तक्क्याकडे बोट करून म्हणायची, “तिथं बसायला काय लागतंय, सगळं गाव आपसूक दिसतंय.”

संपादक_मंडळ
मूळ विषय एका घरगुती कागदातल्या शब्दाचा आहे. भाषाशुद्धीसाठी वेगळा धागा काढावा. या धाग्याचा काश्मीर करू नये.

कान_नाक_घसा
अवांतर, पण राहवत नाही.

शाळेत हृदयाचे कप्पे शिकलेले आठवतात? वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. अलिंद म्हणजे घराच्या दाराबाहेरची ओटी. इंग्रजीत त्याला एट्रियम म्हणतात, ते रोमन घरातलं दर्शनी दालन. मी आखातात नोकरीला होतो तेव्हा एक इराणी सहकारी होता. तो हृदयाच्या त्याच कप्प्याला काय म्हणायचा? दहलीज! फारसी वैद्यकात आजही तोच शब्द आहे. बाहेरून आलेलं रक्त आधी इथं उतरतं, मग आत जातं. लॅटिन, संस्कृत आणि फारसी, तिघांनाही घराची पुढची खोलीच आठवली.

आणि माझ्या धंद्यातलं म्हणाल, तर अरबीत आतल्या कानाच्या एका भागाला दिहलीज म्हणतात. इंग्रजीतही तिथं व्हेस्टिब्यूल हाच शब्द आहे. चक्कर येते ती अनेकदा तिथल्याच बिघाडानं.

तर माळवदकर, बंधूंना सांगा, तुझ्या छातीत दोन ढेलजा आहेत, उंबरे नाहीत.

शब्दखोर
@कान_नाक_घसा, हा प्रतिसाद वाचून धागा सार्थकी लागला. अमरकोशाची ओळ जोडतो: ‘प्रघाणप्रघणालिन्दा बहिर्द्वारप्रकोष्ठके’. बाहेरच्या दाराशी असलेल्या कोठ्याला तीन नावं, प्रघाण, प्रघण आणि अलिंद. पाणिनीनं तर प्रघण-प्रघाणासाठी वेगळं सूत्रच केलंय, ‘अगारैकदेशे प्रघणः प्रघाणश्च’. घराचा एक भाग असा अर्थ असेल तरच ही रूपं. अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसं दाराशी बसत होती आणि त्या जागेला काय म्हणायचं यावर डोकं खाजवत होती.

सोलापुरी_चटणी
म्हणजे पाणिनीच्या घरातपण वाटणी झालेली दिसते.

पेडण्याचो
आमच्याकडे बल्कांव. पोर्तुगीज शब्द. पायऱ्या चढून आलं की दाराच्या दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बैठका, समोर रस्ता. संध्याकाळी त्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी केली नाही तर जेवण पचत नाही. त्या बैठकीला सोपो म्हणतात. आणि बाजारात विक्रेत्यांकडून नगरपालिका जी पावती फाडते तिलाही सोपोच.

रंकाळा
@पेडण्याचो, थांबा थांबा! कोल्हापुरात घराच्या पुढच्या खोलीलाच सोपा म्हणतात. सोप्यात बस, सोप्यात खाट टाक. तुमच्याकडे बैठक, आमच्याकडे अख्खी खोली. आमच्या सोप्यात आता सोफा आलाय आणि नातीला वाटतं, सोफा आहे म्हणून सोपा म्हणतात.

शब्दखोर
@रंकाळा, सोफा मूळचा अरबी सुफ्फा. बसायचा ओटा. नात अगदीच चुकली असं मी म्हणणार नाही, पण यावर स्वतंत्र धागा काढा.

गाबीत
मालवणात लोटो. “लोट्यार बस” म्हटलं की घाटावरचा पाहुणा तांब्या शोधतो.

नवी_चावी
आमच्या नव्या इमारतीच्या जाहिरातीत ‘भव्य फॉयर’ असं छापलंय. प्रत्यक्षात चपलांचं कपाट आणि सुरक्षारक्षकाची खुर्ची. फॉयर म्हणजे काय म्हणून विचारलं तर विक्रेता म्हणाला, लॉबीपेक्षा भारी असतं.

शब्दखोर
@नवी_चावी, फ्रेंचमध्ये फॉयर म्हणजे चूल, शेकोटीची जागा. नाटकाच्या मध्यंतरात लोक ऊब घ्यायला जिथं जमत तिला हे नाव मिळालं. तुम्ही चुलीवर चपला ठेवताय.

औसा_रोड
सगळे हसताय म्हणून लिहू की नको वाटत होतं.

आमचं गाव किल्लारी भूकंपाच्या पट्ट्यातलं. आमची ढाळज तीन खणांची होती. वडील सांगायचे, लग्नाचं वऱ्हाड उतरलं तरी पुरायची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात जे घर गार ठेवायचं तेच वरून आलं. मी सहा वर्षांचा होतो. चुलते आणि मी ढाळजेजवळ होतो, दरवाजाची लाकडी चौकट धरून राहिली, म्हणून हे लिहितोय.

नवीन गाव दुसऱ्या जागी बसलं. सरळ रस्ते, सिमेंटची घरं, प्रत्येकाला मोकळी जागा. घरं चांगली आहेत, तक्रार नाही. पण दार उघडलं की एकदम घरातच. परका माणूस कुठं थांबवायचा ते कुणाला कळंना. पहिली दोन-तीन वर्षं लोक रस्त्यावरच बाजा टाकून बसायचे. मग ज्यानं त्यानं दारापुढं पत्र्याचं शेड टाकलं. आमच्या आजीनं त्या पत्र्याला पहिल्या दिवसापासून ढाळजच म्हटलं. “बाहीर ढाळजंत बसा, च्या आणते.” उन्हाळ्यात तिथं दोन मिनिटं बसवत नव्हतं.

माळवदकर, तुमची उभी आहे तोवर शटर बसवू नका.

केतकी_व
🙏

अण्णा_वऱ्हाडी
वाचून गप्प झालो.

सातबारा_उतारा
उशिरा आलो. शब्दांचं मूळ सगळं छान, पण तंटा व्युत्पत्तीवर सुटत नसतो. आम्ही जुने कागद बघताना तीन गोष्टी पाहतो. एक, वहिवाट. त्या जागेतून आजवर कोण ये-जा करत आलं, झाडलोट कुणी केली, दुरुस्तीचा खर्च कुणी उचलला. दोन, कागदातल्या चतुःसीमा. तीन, माप.

औसा_रोड यांनी अनवधानानं मोठी गोष्ट लिहिलीय: “तीन खणांची ढाळज”. जुन्या घराचं माप खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. वाटणीपत्रात ‘ढेलज’ या शब्दापुढं किंवा मागं खण लिहिलेत का ते बघा. लिहिले असतील तर विषय संपला. उंबऱ्याला खण नसतात.

शब्दखोर
मी इतके परिच्छेद लिहिले आणि उत्तर तीन शब्दांत. मानलं.

माळवदकर
सर्वांचे आभार. मूळ कागद मोठ्या काकूंच्या ट्रंकेत होता, माझ्याकडे फोटो होता आणि त्यात कडेची ओळ कापली गेली होती. काल जाऊन पूर्ण वाचला. शब्दशः देतो:

“दरवाजा पूर्वाभिमुख व ढेलज खण दोन व चौकातील आड सामाईक. उभयतांनी एकमेकांस हरकत करू नये.”

खण दोन. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “हे विचारायला पुण्याहून आलास? मला फोन करायचा. उंबऱ्याची वाटणी कधी कुणी करतं का?” चुलतभावाला फोटो पाठवलाय. या धाग्याचा दुवाही पाठवला.

सोलापुरी_चटणी
दुवा कशाला पाठवलात? आता येईल तो.

शटरवाला_चुलतभाऊ
आलोय. खातं आत्ताच उघडलं. सगळा धागा वाचला, माझ्या छातीतल्या ढेलजांसकट.

खण मान्य. शटर नाही टाकत. त्या लातूरकडच्या भावाचं वाचल्यावर तसंही टाकलं नसतं, हे दादाला सांगायचं राहिलं. पण दादा, कागद पूर्ण वाचलास ना? मग पुढचंही वाच. ‘आड सामाईक.’ तीन वर्षं आडातला गाळ मी एकटा काढतोय. तुझ्या हिश्श्याचे सात हजार होतात. आणि ढाळजेतली उजवीकडची तुळई वाळवीनं खाल्लीय, ती पण सामाईकच.

सातबारा_उतारा
पावत्या आहेत का?

शटरवाला_चुलतभाऊ
आहेत. ढाळजेतल्या कोनाड्यात.